लिंकनचं सहावं बोट: पाचपाखाडीत फोडलेल्या रोल्सचं प्रकरण

ठाण्यात पाचपाखाडीला राहणाऱ्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे अमेरिकी टांकसाळीचे एक सेंटचे आठ रोल, म्हणजे कागदात गुंडाळलेल्या नाण्यांच्या नळ्या होत्या, एकही न फोडलेली. त्यांना इथे काका म्हणतो. २००९ साली त्यांची भाची न्यू जर्सीत शिकत होती. मामांना नाण्यांचा नाद आहे म्हणून तिने थेट टांकसाळीकडून दोन-दोन रोल्सचे चार संच मागवले आणि सुट्टीत येताना बॅगेतून आणले. संचात एक रोल फिलाडेल्फियाच्या टांकसाळीचा, एक डेन्व्हरच्या, प्रत्येकी पन्नास नाणी. संचाची किंमत तेव्हा ८ डॉलर ९५ सेंट, आतल्या नाण्यांचं दर्शनी मूल्य एक डॉलर. काकूंनी हा हिशोब तेव्हाच मांडला होता आणि त्या तो अजून विसरलेल्या नाहीत.

रोल बरीच वर्षं कपाटात पडून राहिले. मग काकांच्या पुतण्याच्या वाचनात आलं की याच नाण्याच्या काही नमुन्यांवर लिंकनच्या हाताला एक बोट जास्त आहे आणि जगभरचे हौशी लोक त्यासाठी रोल चाळत बसतात. त्याने काकांच्या मागे लागून फिलाडेल्फियाचा एक रोल फोडायला लावला. पहिल्या डझनभर नाण्यांतच त्याला एक जाडजूड जादा बोट दिसलं. त्याच संध्याकाळी त्याने त्याचा फोटो एका विक्रीच्या ॲपवर टाकला, किंमत पाच हजार रुपये. काकांना धाकधूक वाटली आणि त्यांनी मला बोलावलं. प्रश्न दोन होते. हे खरंच डबल्ड डाय, म्हणजे ठशातच चित्र दुहेरी झालेलं नाणं आहे का? आणि बाकीचे रोल फोडायचे की तसेच ठेवायचे?

नाणं नेमकं कोणतं ते आधी सांगतो. २००९ हे लिंकनच्या जन्माचं दोनशेवं आणि लिंकन सेंटचं शंभरावं वर्ष. त्यानिमित्त अमेरिकेने सेंटच्या मागच्या बाजूला चार वेगवेगळी चित्रं काढली: केंटकीतलं बालपण, इंडियानातली तरुणाई, इलिनॉयमधली वकिली आणि वॉशिंग्टनमधला अध्यक्षपदाचा काळ. काकांकडचे रोल दुसऱ्या चित्राचे. तरुण लिंकन ओंडक्यावर बसून पुस्तक वाचतो आहे, लाकूडफोडीचं काम थांबवून. चित्र चार्ल्स व्हिकर्स यांचं. पुढच्या बाजूला १९०९ पासून चालत आलेला, व्हिक्टर ब्रेनर यांनी घडवलेला लिंकनचा चेहरा. डेन्व्हरच्या नाण्यावर सालाखाली 'डी' असतो, फिलाडेल्फियाच्या सेंटवर त्या काळी काहीच खूण नसे. नाण्याचा व्यास १९.०५ मिलिमीटर, म्हणजे आपल्या २०१९ च्या मालिकेतल्या एक रुपयाहून जरासा लहान. त्यात लिंकन, त्या लिंकनचा हात, आणि त्या हाताचं बोट. भिंगाशिवाय यात काही दिसतं असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

काका नवखे नाहीत. शिवराईचा त्यांचा संग्रह ठाण्यातल्या जाणकारांना माहीत आहे. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति'च्या अक्षरांची वळणं ते भिंगाशिवाय ओळखतात. पण या प्रकरणात तीच सवय आडवी आली. शिवराई हाताने पाडलेली. खाली ठसा, वर ठसा, मध्ये तांब्याचा तुकडा आणि हातोड्याचा घाव. घाव दोनदा बसला आणि मधे तुकडा सरकला तर अक्षरं दुहेरी उमटतात. अशा दुहेरी शिवराया काकांकडे आहेत आणि प्रत्येक वेगळी आहे, कारण चूक त्या एका घावाची आहे. साहजिकच त्यांनी सेंटही तसाच पाहिला. एकेक नाणं उचलायचं, विचित्र दिसलं की बाजूला काढायचं, उरलेली डब्यात ओतायची.

डबल्ड डायमध्ये चूक नाण्याच्या घावात नसतेच. ती त्याच्या कितीतरी आधी, ठसा घडवताना झालेली असते. सगळं प्रकरण या एका गोष्टीवर फिरतं, म्हणून इथे थोडं थांबतो.

नाणं ज्याने पाडतात तो डाय. त्यावरचं चित्र खोलगट आणि उलटं असतं. असा एकेक डाय कोणी हाताने कोरत नाही. हब नावाचा पोलादी साचा असतो, त्यावर चित्र नाण्यासारखंच उठावदार आणि सुलट असतं. तो हब मऊ केलेल्या पोलादी तुकड्यावर प्रचंड दाबाने दाबला की डाय तयार होतो. पूर्वी एका दाबात चित्र पुरतं उतरत नसे. पहिल्या दाबाने पोलाद कडक व्हायचं, मग ते भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचे आणि परत हबखाली ठेवायचे. दुसऱ्या खेपेला डाय किंचित फिरलेला असला तर आधीच्या चित्रावर दुसरं चित्र जरासं सरकून बसायचं. त्या डायखालून जेवढी नाणी निघतील त्या सगळ्यांवर ते दुहेरीपण सारखंच. १९५५ चा फिलाडेल्फियाचा सुप्रसिद्ध सेंट असाच झाला. त्यावरचं साल आणि वरची अक्षरं नुसत्या डोळ्यांनी दोनदा वाचता येतात. चूक टांकसाळीत लक्षात आली होती, पण तोवर ती नाणी चांगल्या नाण्यांत मिसळून गेली होती, आणि सगळा माल वितळवण्यापेक्षा तो तसाच बाहेर सोडणं पसंत केलं गेलं. वीस ते चोवीस हजार नाणी लोकांत गेली असं मानतात. त्यातली बरीचशी सिगारेटच्या यंत्रांतून बाहेर आली. पाकीट तेवीस सेंटचं, यंत्रात नाणं टाकायचं पंचवीसचं, म्हणून परतीचे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनातच घातलेले असत.

१९५५ मध्ये दुहेरीपण कडेला जास्त आणि मध्ये कमी आहे. ते साहजिक आहे, कारण डाय मध्याभोवती फिरला. १९७२ चंही तसंच. १९९५ च्या सेंटवर 'लिबर्टी' आणि 'इन गॉड' ही अक्षरं ठसठशीत दुहेरी आहेत, तीही कडेचीच. जुनी पुस्तकं वाचून रोल चाळायला बसलेला माणूस म्हणून आधी अक्षरांकडे बघतो.

२००९ मध्ये मात्र अक्षरांकडे बघून हाती काही लागत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी टांकसाळीने एकाच दाबात डाय घडवायला सुरुवात केली होती. दुसरा दाबच नाही म्हटल्यावर दुहेरीपण संपायला हवं होतं. संपलं नाही, त्याने जागा बदलली. डाय व्हायच्या आधी पोलादी तुकड्याचं तोंड सपाट नसतं. धातू मधून कडेकडे नीट वाहावा म्हणून ते मध्यभागी शंकूसारखं किंचित उंच ठेवतात. म्हणजे हब पहिल्यांदा टेकतो तो मध्यावर. तुकडा जरा कलता बसलेला असेल तर हब आधी तिरका टेकतो, मधलं थोडं चित्र उमटतं, आणि दाब वाढताच तुकडा सरळ होऊन जागच्या जागी बसतो. पोस्टातला शिक्का आधी कडेवर टेकून मग दाबून बसवला तर जे होतं तेच. कडेच्या अक्षरांना हब अजून शिवलेलाही नसतो, त्यामुळे ती स्वच्छ राहतात. मध्यभागी जे काही असेल तेवढंच दुहेरी होतं.

या चित्रात मध्यभागी काय आहे? पुस्तक धरलेला हात. म्हणूनच या एका चित्राची एवढी ख्याती झाली. जादा बोट, जादा अंगठा, दोन बोटांच्या मधली पुसट तिसरी रेघ, असे डझनावारी वेगवेगळे डाय अमेरिकेतल्या अभ्यासकांनी नोंदवले आहेत. जॉन वेक्सलर यांची यादी त्यात सगळ्यात वापरली जाते. ते आणि त्यांच्या बरोबरचे लोक डबल्ड डायचे आठ मुख्य वर्ग मानतात, आणि हा कललेल्या हबचा प्रकार त्यातला आठवा. बाकी तीन चित्रांवरही दुहेरीपण सापडतं, पण तिथे मध्यभागी असं ओळखीचं काही नाही. केंटकीच्या चित्रातल्या लाकडी घराच्या भिंतीचा ओंडका थोडा जाड दिसला तर कोणाला सांगणार? बोट लगेच कळतं.

पुतण्याला मी एवढंच म्हटलं, "तू मध्यभागी बघितलंस ते बरोबर केलंस. पण एकच नाणं बघितलंस." त्याला ते पटलं नाही. त्याच्या मते एकच असणं हीच तर दुर्मिळता.

ते पाच हजारांचं बोट आम्ही भिंगाखाली घेतलं. दहापट भिंग, जवाहिरे वापरतात तसं लूप, नौपाड्यातल्या सराफी बाजूच्या दुकानातून घेतलेलं. मोबाईलला जोडायची स्वस्त सूक्ष्मदर्शकं पुतण्याकडे होती, पण ती मी बाजूला ठेवायला सांगितली. ती प्रकाश चारही बाजूंनी टाकतात, त्यामुळे उठाव आणि सपाटी यातला फरक मरतो, आणि शंभरपट मोठं केल्यावर कुठलाही ओरखडा महत्त्वाचा वाटायला लागतो. टेबलावर जाड टॉवेल, एका बाजूला एकच दिवा, आणि नाणं कडेने धरून हळूहळू फिरवायचं. फिरवताना त्या बोटाची सावली सगळ्या बाजूंनी सारखी गोल पडत होती. खालच्या बोटाला जशी धार आहे, टोक आहे, तसं याला काहीच नव्हतं. बोटाच्या जागेवर आलेला तो फुगा होता.

१९८२ नंतरचा चलनातला सेंट तांब्याचा नाही. ९७.५ टक्के जस्त आणि वर २.५ टक्के तांब्याचा मुलामा, वजन २.५ ग्रॅम. मुलाम्याखाली वायू अडकला की नाणं पाडल्यानंतर पातळ तांबं वर फुगतं. फुगा कुठेही येतो, गालावर, ओंडक्यावर, सालाच्या आकड्यात. हातावर आला की त्याला लोक बोट म्हणतात. काकांनी उरलेल्या नाण्यांचा डबा पुन्हा ओतून पाहिला. त्या जागी तसा उठाव दुसऱ्या एकाही नाण्यावर नव्हता. जाहिरात त्याच रात्री काढली गेली, हे पुतण्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

याच रोलमध्ये आणखी तीन फसवे प्रकार मिळाले. तेही लिहून ठेवतो, कारण रोल चाळणाऱ्याला रोज भेटणारे हेच आहेत. पहिला, मुलामा फाटण्याचा. अक्षराच्या काठाशी तांबं ताणलं जाऊन चिरतं आणि खालचं जस्त रुपेरी रेघेसारखं दिसतं. अक्षराला जोडून समांतर रेघ, दिसायला दुहेरी. रंगावरून ते ओळखता येतं. दुसरा, मशीन डबलिंग. घाव बसल्यावर सैल डाय किंचित उसळतो किंवा सरकतो आणि नुकत्याच उमटलेल्या अक्षराची कड दाबून चपटी करतो. तिथे पायरी दिसते, खालची, सपाट, चकचकीत. खऱ्या डबल्ड डायमध्ये अक्षर जाड होतं, कारण दोन अक्षरांची बेरीज झालेली असते. मशीन डबलिंगमध्ये मूळ अक्षरच बारीक होतं, कारण त्याचाच काठ खाल्लेला असतो. एवढी एकच खूण नीट लक्षात ठेवली तरी दहातली नऊ भांडणं मिटतात. १९६९ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या सेंटमध्ये अस्सल डबल्ड डाय फार थोडे आहेत आणि मशीन डबलिंगवाले भरपूर, त्यामुळे तिथे भल्याभल्यांची गल्लत होते. तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. अक्षरांच्या बाहेरच्या कडेला धुरकट, पसरलेली दुसरी कड येते. १९५५ चाच असा एक सेंट अमेरिकेत 'गरिबांचा डबल्ड डाय' म्हणून विकला जायचा. शेवटचा पाचाचा आकडा झिजलेल्या डायने फिसकटलेला, बाकी काही नाही.

आता दुसरा प्रश्न, फोडायचे की ठेवायचे.

काकूंचं मत स्पष्ट होतं. "अहो, बंद आहेत तोवर काहीतरी किंमत आहे. सुटे झाले की ते फक्त सेंट." त्यांचं म्हणणं खोटं नाही. टांकसाळीच्या छापील कागदातला न फोडलेला रोल घेणारे लोक वेगळे असतात आणि ते कागदाचे पैसे देतात. फोडलेल्या रोलमधली साधी नाणी म्हणजे रोलमागे अर्धा डॉलर, आणि तोही भारतात कोणी देणार नाही. परकीय नाणी जवळ बाळगायला आपल्या कायद्यात रकमेची मर्यादा नाही, मर्यादा आहे ती परकीय नोटांना. पण चलन बदलून देणारे नाणी घेतच नाहीत. ठाण्यात सेंट खर्च करायचा एकच मार्ग, तो कोणाला तरी भेट द्यायचा.

काकांचा मुद्दा वेगळा होता. भाचीने ते त्यांना पाहायला दिले होते, पुढे विकायला नव्हेत. मी मधला रस्ता सुचवला. फिलाडेल्फियाचा आणखी एक आणि डेन्व्हरचा एक फोडायचा, बाकी पाच राहू द्यायचे. फोडायची पद्धत मात्र बदलायची.

या पद्धतीचं कारण सांगायला हवं. टांकसाळीत एका वेळी अनेक प्रेस चालतात, त्यांची नाणी मोठ्या पिशव्यांत एकत्र होतात, मग यंत्र मोजून रोल बांधतं. एका रोलमधली पन्नास नाणी एकाच डायची नसतात. पण मिसळण पूर्णही होत नाही. एका डायची काही नाणी शेजारी-शेजारी राहतात, पाचसात इथे, दोनतीन तिथे. टांकसाळीतून थेट आलेल्या रोलचं खरं मोल या शेजारात आहे. बाजारात फिरून आलेल्या चिल्लरमध्ये तो शेजार मोडलेला असतो. काकांनी पहिला रोल डब्यात ओतला तेव्हा नाणी सगळी राहिली, क्रम गेला.

म्हणून दुसरा रोल कागद उभा चिरून उघडला, नाणी रांगेने टॉवेलवर उतरवली आणि अंड्यांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये एक ते पन्नास अशी ठेवली. ट्रे काकूंनी दिला, बरीच कुरकुर करून. आधी फक्त हात बघायचा, पन्नासही नाण्यांचा, एकाच दिव्याखाली, एकाच बाजूने. काही वेगळं दिसलं की क्रमांक लिहायचा आणि पुढे जायचं. तिथेच थांबून चर्चा करायची नाही. पुतण्या लिहीत होता, काका बघत होते, मी पुन्हा बघत होतो. काकांची नजर इथे उपयोगी पडली. शिवराई वाचणाऱ्या माणसाला अर्धवट उठावातून आकार ओळखायची सवय असते, ती नव्या नाण्यावर तशीच चालली.

वेगळे दिसलेले क्रमांक तेरा निघाले. ते आम्ही शेजारांनुसार लावले. सहा क्रमांक एकटे होते, विखुरलेले, प्रत्येकावरची खूण निराळी. त्यात फुगे होते, एकावर धक्का लागून झालेली खरचट होती. ते बाद. उरलेले सात म्हणजे पाच सलग आणि दोन थोडे पुढे जोडीने. या सातांवर पुस्तकाच्या काठाशी, तर्जनीच्या खाली, एक बारीक उठाव होता. लांबी तीच, तिरपेपणा तोच, सुरुवात आणि शेवट त्याच जागी.

काका खूश झाले, पण काम अजून निम्मंच झालं होतं. सात नाण्यांवर तंतोतंत तीच खूण याचा अर्थ खूण डायवर आहे. डायवर ती कशी आली हे त्यातून कळत नाही. डायला चीर पडते, कपचा उडतो, कोणी घासताना ओरखडा काढतो. या सगळ्या खुणाही नाण्या-नाण्यावर तशाच उतरतात. त्यामुळे दुसरी चाळणी आकाराची. दुहेरीपण असेल तर जादा उठाव हा चित्रातल्याच एखाद्या भागाची नक्कल असला पाहिजे, तेवढ्याच रुंदीचा, तशाच वळणाचा, मूळ भागापासून एका दिशेला सरकलेला. कपचा उडाल्याने आलेला उठाव वेडावाकडा असतो, त्याला चित्राशी देणंघेणं नसतं.

इथे बराच वेळ गेला. उठाव तर्जनीला समांतर होता. त्याचं टोक गोलसर होतं, तर्जनीसारखंच. आणि काकांनी दाखवलेली गोष्ट माझ्या नजरेतून निसटली असती: त्याच हाताच्या पुढच्या बोटाची खालची कडही त्याच दिशेला, तेवढ्याच अंतरावर, जाड झालेली होती. दोन वेगळ्या भागांचं एकाच दिशेला सरकणं ओरखड्याने होत नाही. शिवाय कडेची अक्षरं सातही नाण्यांवर स्वच्छ होती, जशी या प्रकारात असायला हवीत. ओंडक्यावर एक तिरकी केसासारखी रेघ सातांवर होती. तो डायवरचा साधा ओरखडा, दुहेरीपणाशी संबंध नसलेला, पण सातही नाणी एकाच डायची असल्याचा साक्षीदार.

निर्णय: डबल्ड डाय, मागची बाजू, सौम्य. यादीतल्या नोंदींशी जुळवायचा प्रयत्न केला. आकाराने दोन नोंदी जवळच्या वाटल्या, पण त्यांच्या फोटोंत ओंडक्यावरची रेघ नव्हती. रेघ नंतर पडलेली असू शकते. डाय नवा असताना काढलेला फोटो आणि तो पुष्कळ वापरल्यावरचं नाणं यात असा फरक पडतो. मी नोंद क्रमांकाशिवाय लिहून ठेवली. अंदाजाने क्रमांक चिकटवून दिलेली नाणी बाजारात खूप आहेत आणि पुढे ती निस्तरताना कोणाच्या तरी डोक्याला ताप होतो.

डेन्व्हरच्या रोलमधून दोन संशयित निघाले, दोन्ही एकटे, दोन्ही बाद. त्याबद्दल यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

पैशांचं. पुतण्याने सरळ विचारलं, "मग याचे किती?" १९५५ चा सेंट फार महाग असतो, हे त्याने वाचलं होतं. ही सात नाणी त्या घरातली नाहीत. १९५५ चं दुहेरीपण दुकानाच्या काउंटरवरून दिसतं, हे दहापट भिंगाशिवाय दिसत नाही. अमेरिकेत असं सौम्य नाणं हौशी माणूस हौशी माणसाला थोडक्यात देतो. तपासून प्रमाणित करून घ्यायचं म्हटलं तर फी, जाण्या-येण्याचा टपालखर्च आणि विमा मिळून नाण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतात. फोर्टात किंवा प्रदर्शनांत नाणी विकणाऱ्यांना यात रस नाही, त्यांची गिऱ्हाइकं वेगळं मागतात. मी त्याला शून्य धरून चाल म्हटलं.

आपल्याकडे या बाबतीत हवा फार गरम आहे. वैष्णोदेवीचं २०१२ चं पाच रुपयांचं नाणं लाखांना जातं, अमुक सालचा एक रुपया द्या आणि गाडी घ्या, असले संदेश घरोघर पोचले आहेत. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदीविक्रीत रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून लोकांकडून शुल्क आणि कर उकळले जातात, आपला अशा व्यवहाराशी काहीही संबंध नाही, असा जाहीर खुलासा बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी करावा लागला. गंमत अशी की पुतण्याची जाहिरात झळकताच त्याला 'खरेदीदारा'चा फोन आलाच होता: नाणं घेतो, आधी नोंदणीचे साडेसातशे रुपये पाठवा. काका बँकेत होते म्हणून फोन तिथेच संपला.

ठेवायचं कसं, हा ठाण्यापुरता तरी खरा प्रश्न आहे. जस्तावर पातळ तांबं, बाजूला खाडी आणि चार महिने पाऊस. मुलाम्याला जिथे चीर आहे तिथून दमट हवा जस्तापर्यंत पोचते आणि आत पांढरट कीड लागल्यासारखा फुगवटा येतो. तो थांबवायचा उपाय नाही. पहिल्या रोलमधली नाणी काकांनी मऊ, वासाच्या प्लॅस्टिक पाकिटांत भरायला घेतली होती, ती लगेच काढायला लावली. पीव्हीसीच्या पाकिटातून कालांतराने हिरवा चिकट थर येतो. सात नाणी आता कडक, पीव्हीसी नसलेल्या गोल डब्यांत आहेत, हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत. जेल निळ्याचं गुलाबी झालं की तव्यावर गरम करायचं, हे काम काकूंनी आपल्याकडे घेतलं आहे.

पुतण्याला आता आपल्या नाण्यांची पाकिटं चाळायची आहेत. बँकांच्या नाणे मेळ्यात शंभर-शंभर नव्या नाण्यांची प्लॅस्टिकची पाकिटं मिळतात, आणि टांकसाळीतून थेट आलेल्या पाकिटात शेजार बऱ्यापैकी शाबूत असतो. पद्धत तीच चालेल, पण अपेक्षा बदलून. एक आणि दोन रुपयांचं नाणं स्टेनलेस स्टीलचं, ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम, तांब्याच्या मुलाम्यापेक्षा कितीतरी कठीण. त्यावर मुलाम्याचे फुगे नसतात, पण डाय झिजतात आणि मशीन डबलिंग भरपूर दिसतं. शिवाय आपल्याकडे चालू नाण्यांच्या डायची वेक्सलरसारखी सर्वमान्य यादी नाही, तेव्हा सापडलेलं जुळवायचं कशाशी हा प्रश्न राहतोच. मी त्याला आधी टांकसाळीप्रमाणे वेगळं करायला सांगितलं आहे: सालाखाली हिरा असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. त्यानंतर प्रत्येक नाणं उभ्या अक्षावर फिरवून मागचं चित्र सरळ येतं का ते बघायचं. फिरलेल्या डायची नाणी आपल्याकडे डबल्ड डायपेक्षा खूप सहज सापडतात आणि ती ओळखायला भिंगही लागत नाही.

न फोडलेले पाच रोल कपाटात परत गेले. त्यातले तीन डेन्व्हरचे आणि दोन फिलाडेल्फियाचे. अमेरिकेने नोव्हेंबर २०२५ मध्ये चलनातल्या सेंटचं उत्पादनच थांबवलं, तेव्हापासून काकू त्या कपाटाला कुलूप लावतात. सात नाण्यांपैकी दोन काकांनी भाचीसाठी काढून ठेवली आहेत, तिच्या मुलाला दाखवायला.